येशाचे शहाण्णव किलो

आमच्या घरी पाहुणा आला की तब्येतीची चौकशी एकाच प्रश्नात उरकायची. "कितला भरना रे पोऱ्या?" म्हणजे काट्यावर किती भरला. धुळ्यात पांझरा नदीच्या अलीकडे आमची गल्ली, गल्लीच्या तोंडाशी तालीम आणि तालमीच्या भिंतीला लागून धान्याची वखार. अमावास्येला तालमीत मेहनत बंद असे. त्या दिवशी सकाळी सगळे पहिलवान आंघोळी उरकून लंगोटावर वखारीत जात. तिथे तुळईला पोती मोजायचा मोठा काटा टांगलेला होता. एका पारड्यात पहिलवान मांडी घालून बसे, दुसऱ्यात वखारवाला लोखंडी वजनं चढवत जाई आणि वस्ताद नाना खड्या आवाजात आकडा पुकारत. ज्याचं वजन वाढलं त्याच्या घरून गल्लीभर गूळ-शेंगदाणे वाटले जात. ज्याचं घटलं त्याची आई दोन दिवस नळावर खाली मान घालून पाणी भरी. हसू नका. आज तुम्ही वजन घटलं म्हणून फोटो काढून सगळ्यांना पाठवता, आम्ही वाढलं म्हणून गूळ वाटायचो. वेड दोन्हीकडे सारखंच, फक्त आमच्या वेडात खायला मिळायचं.

आबा, म्हणजे माझे वडील, एस.टी.च्या वर्कशॉपात फिटर होते. तरुणपणी स्वतः कुस्ती केलेले. डावा कान चुरगळून कानाचा नुसता गड्डा उरला होता. घरात एक म्हैस, ती मात्र त्यांची लाडकी लेक. मी लेक असून नसल्यासारखीच. पहाटे जाग यायची ती चरवीत पडणाऱ्या धारेच्या आवाजाने. मग मागल्या दारी माझ्या धाकट्या भावाच्या, येशाच्या बैठका सुरू व्हायच्या, त्याच्या श्वासाचा हुं-हुं आवाज, आणि त्या तालावर माय परातीत भाकरी थापायची. येशाचे बदाम पाट्यावर वाटायचं काम माझं. मी एका हातात पुस्तक धरून वाटायची आणि माय ओरडायची, "अव माय, ते पुस्तक वाटी टाकशी एखांदा दिन!" न्याहारीला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, तिच्यावर मुठीएवढं लोणी आणि ठेचा. थंडीत वांग्याचं भरीत. वांगी कापसाच्या काड्यांवर भाजायची आणि त्यांचा धूर कपड्यांत, केसांत, वह्यांत जाऊन बसायचा. कॉलेजच्या वसतिगृहात माझ्या वहीला वास येतो म्हणून मुली नाकं मुरडत. मला मात्र तो वास आला की घरी जावंसं वाटायचं.

येशा माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मला अक्का म्हणायचा. उंचीने बेताचा, एक मीटर सत्तर, पण रुंदीला असा की आमच्या दारातून जरा तिरपा होऊन आत यायचा. मान अशी नव्हतीच, कानाखालून थेट खांदे सुरू. पोटाला हात लावला तर परातीला लावल्यासारखं वाटे. आणि एवढं सगळं धूड स्वभावाने गाय! पावसाळ्यात घरात बेडूक शिरला की खाटेवर चढून मला हाका मारायचा. "अक्का, त्याले बाहेर काढ ना व!" मी बेडूक काढायची, तो कुस्त्या मारायचा. भांडणं सगळी माझ्या वाट्याची. रेशनचा दुकानदार असो, बसचा कंडक्टर असो की त्याचा शाळेतला मास्तर, येशाच्या बाजूने भांडायला मी. मला भांडायला आवडायचं, हेही सांगून टाकते. त्याहून जास्त जिंकायला आवडायचं. मी जळगावला गणित घेऊन बी.एस्सी. करत होते, आणि समोरच्याला त्याच्याच तोंडून चूक कबूल करायला लावणं यात मला जो आनंद होई तो पुरणाच्या मांड्यातही नव्हता.

जिल्ह्याच्या कुस्त्यांत येशाचा नंबर आला आणि एका सरकारी खात्यात खेळाडूंसाठी राखलेल्या जागेवर त्याची निवड झाली. घरात पहिली पक्की नोकरी आबांची, दुसरी ही. आता फक्त डॉक्टरी तपासणी तेवढी राहिली होती. ती काय, येशाकडे बघूनच शिक्का मारतील, असं सगळ्यांनी धरलेलं. त्या दिवशी मी सुट्टीला घरी होते. मायने तपासणीहून आल्यावर खायला म्हणून शेवभाजी केली होती, झणझणीत, वर बोटभर तर्री. येशा आला, चपला काढल्या, ओट्यावर बसला आणि खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. "अक्का, माले नापास कयं." त्याचा आवाज इतका लहान झाला होता की मला आधी चेष्टाच वाटली.

तपासणारा डॉक्टर तरुण होता, मुंबईहून नवा शिकून आलेला. त्याच्या टेबलाच्या काचेखाली एक तक्ता होता. वजन घ्यायचं, मीटरमधल्या उंचीला उंचीनेच गुणायचं, आणि वजनाला त्याने भागायचं. येशाचं वजन शहाण्णव. उंचीचा गुणाकार दोन पूर्णांक एकोणनव्वद. भागाकार तेहेतीसच्या वर. तक्त्यात तिशीच्या पुढे एकच शब्द होता, लठ्ठ. तो शब्द डॉक्टरने इंग्रजीत लिहिला होता आणि मी तो मराठीत वाचला, इथेच आग लागली.

"मना पोऱ्या लठ्ठ?" माय कालथा हातात घेऊनच बाहेर आली. "त्या डाक्टरना डोया फुटनात का?"

वस्ताद नानांना निरोप गेला. ते आले, कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि आबांच्या मांडीवर टाकला. "हाऊ तक्ता गादीवर बठनारासना करता शे. पहिलवानले तो कसाले लागू व्हई? त्याना आंगवर बठ्ठं मांस शे, चरबी औशदले नई." अंगावर सगळं मांसच, चरबी औषधालाही नाही, असं त्यांचं म्हणणं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तरीणबाई, तुम्ही शिकेल शेतस. आते तुम्हीच काय ते दखा."

झालं! मला एवढंच हवं होतं. मी कागद घेऊन दिव्याखाली बसले. नोकरीचं हातातलं पत्र परत जाणार, आबा दोन वर्षांत निवृत्त होणार, आणि येशा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला. त्या कागदावर एकच ओळ नव्हती, तीन होत्या. पहिली वजनाची. दुसरी, रक्तदाब जास्त आहे. तिसरी, लघवी तपासून दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवावे, तोवर अपात्र. मी तिन्ही ओळी वाचल्या. मोठ्याने वाचली फक्त पहिली. मुद्दाम लपवावं असं काही मनात नव्हतं, देवाशपथ नव्हतं. पण पहिल्या ओळीत मला चूक सापडली होती, आणि ज्याची एक चूक सापडली त्याचं बाकी सगळंही चुकीचंच असणार, असं माझ्या डोक्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आमच्या घरातल्या प्रत्येकाचं डोकं त्या दिवशी तसंच चाललं. फरक इतकाच की बाकीच्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पारोळा-एरंडोल करत मी जळगावला आले आणि कॉलेजच्या ग्रंथालयात ठाण मांडलं. शरीरशास्त्राचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, उचलायला येशाच लागावा असं. डिक्शनरी शेजारी ठेवून मी तीन दिवस त्यात डोकं घातलं आणि मला हवं ते सापडलं. तो भागाकार हाड ओळखत नाही, मांस ओळखत नाही, चरबी ओळखत नाही. त्याला फक्त किलो कळतात. मांस चरबीपेक्षा जड, म्हणून ज्याने अंग कमावलंय त्याला हा हिशोब उगाच लठ्ठ ठरवतो. अशा माणसाची कंबर मोजावी, कातडीची चिमूट धरून चरबीचा थर मोजावा, असं स्पष्ट लिहिलं होतं. मी आनंदाने टेबलावर हात आपटला आणि ग्रंथपालांची बोलणी खाल्ली. पुढे रक्तदाबाचंही सापडलं. दंड जाड असेल आणि दंडाला बांधायचा पट्टा नेहमीच्या मापाचा असेल, तर रक्तदाब आहे त्याहून जास्त दिसतो. येशाचा दंड म्हणजे माझी मांडी! मी ते सगळं पान वहीत उतरवून घेतलं.

आणि मग पान उलटलं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. पुढच्या पानावर लिहिलं होतं की तरुण माणसात रक्तदाब जास्त सापडला तर पट्ट्याची शंका आधी फेडून घ्यावी, पण तिथे थांबू नये; मूत्रपिंड तपासावं, लघवी तपासावी, कारण या वयात तो बहुतेक दुसऱ्या कशाची तरी वर्दी असतो. मी ते वाचलं. डिक्शनरीत न बघता समजलं, इतकं सोपं होतं. हे उतरवून घेतलं तर माझा अर्ज लंगडा पडेल, असं मला वाटलं. वही मिटली. पुस्तक परत केलं.

आमच्या गल्लीत आता एक मुलगी आहे, निकिता. वजन उचलण्याच्या स्पर्धांना जाते. परवा फोन घेऊन आली, गाल फुगवून. "आजी, हे बघा, मी जाडी आहे म्हणे." फोनमध्ये उंची-वजन घातलं की तोच भागाकार येतो, तक्ता फक्त रंगीत झाला आहे. मी म्हटलं, "हा आकडा तुझ्यासारखीला लागू नाही, खुशाल फेकून दे." ती खूश होऊन निघाली. मी तिला दारातून परत बोलावलं आणि म्हटलं, "आकडा फेक. पण कंबर मोज, रक्तदाब मोज, लघवी-रक्त तपासून घे, आणि कागद मला आणून दाखव." ती म्हणाली, "आजी, तुम्ही किती घाबरता हो!" तिच्या आईनेही मला हसून घेतलं. हसू देत. तिने कागद आणून दाखवेपर्यंत मी तिच्या घरी चार चकरा मारल्या.

माझा अर्ज सहा पानी झाला. खात्याने तो मान्य केला आणि दुसऱ्या डॉक्टरकडे फेरतपासणी ठेवली, जळगावलाच. हे डॉक्टर वयस्क होते, शांत. येशा त्यांच्यासमोर लंगोटावर उभा राहिला तसे ते खुर्चीत मागे रेलून नुसते बघत राहिले. त्यांनी टेप घेऊन कंबर मोजली, छाती मोजली, पोटाच्या, दंडाच्या मागच्या कातडीला चिमटा लावून पाहिला. मी वही उघडून बोलत होते. बोलत कसली होते, वकिली करत होते. शेवटी ते हसले. "बाई, तुमचं बरोबर आहे. हा लठ्ठ नाही. या हिशोबाने माझ्या गोठ्यातला बैलही लठ्ठच ठरेल." मग त्यांनी रक्तदाब घेतला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. मी लगेच पट्ट्याचा मुद्दा काढला. त्यांनी मान हलवली. "तेही बरोबर. मोठा पट्टा माझ्याकडे नाही. धुळ्याला गेल्यावर मोठ्या पट्ट्याने चार-दोन वेळा मोजून घ्या आणि लघवीची तपासणी करा. विसरू नका." मी म्हटलं, "हो, करतो ना." त्यांनी सही केली. बाहेर येऊन येशाने मला उचललं आणि भर रस्त्यात गरकन फिरवलं. माझी एक चप्पल उडून पानटपरीवर जाऊन पडली.

येशा तिथेच रस्त्यात म्हणाला होता, "अक्का, ते लघवीनं काय सांगे डाक्टर?" मी म्हटलं, "करू रे सावकाश. तुला काय झालंय?" तो बरं म्हणाला. त्याने मला कधीच काही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

धुळ्यात गुळाचे तुकडे वाटले गेले, त्या दिवशी अमावास्या नसताना. वस्ताद नानांनी मला तालमीत नेलं, बाईमाणूस आत येत नसे तरी नेलं, आणि सगळ्या पोरांपुढे सांगितलं, "हाई पोरनी डाक्टरले चित कयं." मी तांबड्या मातीच्या कडेला उभी होते, पोरं शड्डू ठोकत होती आणि मला वाटत होतं की आयुष्यात याहून मोठं काही होणार नाही. खरंच झालं नाही. पुढे मी शाळेत मुख्याध्यापक झाले, सत्कार झाले, शाली मिळाल्या. त्या शालींची मला ऊबसुद्धा आठवत नाही. तालमीतला तो शड्डूचा आवाज मात्र अजून कानात येतो.

नंतरची तीन वर्षं वरवर सुखाची गेली. येशा नोकरीला लागला, मी जळगावच्या एका शाळेत लागले, शनिवारी धुळ्याला यायची. येशाचं वजन वाढतच होतं. शहाण्णवचे नव्व्याण्णव झाले, मग एकशे दोन. शंभरी ओलांडली त्या अमावास्येला वखारवाल्याने स्वतःच्या खर्चाने गूळ वाटला. मी त्या दिवशी घरीच होते, मीही खाल्ला. येशाचे नवे बूट महिन्याभरात घट्ट व्हायला लागले तेव्हा माय म्हणाली, "आंग भराई राहिनं." सकाळी त्याचे डोळे सुजलेले असत, गाल वर आलेले. कुस्तीगिराचं तोंड, कुठे तरी डोकं आपटलं असेल, असं आम्ही धरून चाललो. डोकं दुखायचं, तर माय तेल थापायची. पूर्वी पन्नास जोर मारून घाम पुसायचा तो, आता वीसमध्ये भिंतीला टेकायचा. आबा त्याला चिडवायचे, "सरकारी खुर्ची नडनी." मी त्याच्या पायाला एकदा तेल लावलं होतं, कशाला ते आठवत नाही. घोट्यापाशी माझ्या अंगठ्याचा खळगा पडला आणि तो बराच वेळ तसाच राहिला. मला तेव्हा पुस्तकातलं ते पान आठवलं. आठवलं, आणि मी त्याची लुंगी खाली ओढून खळगा झाकून टाकला. चांगलं चाललेलं घर आहे, उगाच काय अभद्र, असं मनाशी म्हटलं. सूज आली तेव्हाच नेलं असतं तरी काही वर्षं हाती लागली असती, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. माझ्यावर ठपका ठेवायला नव्हे, आबांनी विचारलं म्हणून.

एका सकाळी ऑफिसात त्याला धाप लागली आणि तो खुर्चीवरून घसरला. धुळ्याहून नाशिकला नेलं. दोन्ही मूत्रपिंडं वाळून गेली होती, वर्षानुवर्षं हळूहळू. रक्तदाब त्याचाच, सूजही त्याचीच. आम्ही गूळ वाटला तो पाण्याला. त्या वाढलेल्या किलोंमध्ये मांस नव्हतं, चरबीही नव्हती. अंगात साठलेलं पाणी होतं, आणि काट्याला ते कसं कळणार? भागाकाराला जे कळत नव्हतं ते तालमीच्या काट्यालाही कळत नव्हतं. त्या तरुण डॉक्टरचा तक्ता येशाच्या बाबतीत साफ चुकीचा होता, आणि त्याच कागदावरच्या खालच्या दोन ओळी अक्षर न् अक्षर बरोबर होत्या. नाशिकच्या डॉक्टरांनी विचारलं, "यांचा रक्तदाब आधी कधी मोजला होता का?" माय म्हणाली, "नई भाऊ, कधीच नई." आबांनीही मान हलवली. मी तिथेच उभी होते, शिकलेली, सहा पानांचा अर्ज लिहिणारी.

मग ते रक्त धुण्याचं मशीन आलं आमच्या आयुष्यात. आमच्या आवाक्यातलं ते नाशिकलाच होतं, आठवड्यातून दोनदा. पहाटेच्या बसने मी, येशा आणि डब्यात मायची बिनमिठाची खिचडी. शाळेतून मी बिनपगारी रजा घेतली होती. लोणी, बदाम, केळी सगळं बंद. पाणी दिवसाला मोजून तीन पेले. मायचा रक्तगट जुळला नाही, माझा जुळला. मी मूत्रपिंड द्यायला एका पायावर तयार होते, कागदांवर सह्यासुद्धा केल्या होत्या. ते पान मी वाचलं होतं, हे एक वाक्य तेवढं देता येईना. रोज ठरवायची, आज बसमध्ये सांगू. मालेगाव यायचं, चांदवड यायचं, घाट उतरायचा, आणि नाशिक आलं की मी डबा उचलून उठायची. सांगितल्यावर तो रागावेल याची भीती नव्हती. तो रागावणार नाही, "राहू दे अक्का" म्हणेल, याची होती. पुढे डॉक्टर म्हणाले की हृदय इतकं थकलंय की ऑपरेशन झेपणार नाही, आणि तो मार्गही बंद झाला.

मशीनला लावायच्या आधी रोग्याचं वजन करायचे. येशा दर खेपेला कमी भरायचा. सूज उतरली, मग मांस उतरलं. मान दिसायला लागली, त्याखाली गळ्याची हाडं. दारातून तो आता सरळ आत यायचा. आमच्या गल्लीतल्या बायका मायला नळावर आधी पाणी भरू द्यायला लागल्या, आणि ते तिला जास्त लागायचं.

शेवटच्या खेपांमधली एक. शेजारच्या खाटेवर मनमाडचा एक म्हातारा रेल्वेवाला होता, बडबड्या. त्याने येशाला विचारलं, "काय भाऊ, काय करायचे तुम्ही?" येशा म्हणाला, "कुस्ती." म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. विश्वास बसला नसणार. बासष्ट किलो भरला होता तो त्या दिवशी. येशाला ते कळलं. तो उशीवर जरा वर सरकला.

"शहाण्णव होतो मी काका. सगळं मांस. डॉक्टरने लठ्ठ म्हणून नापास केलेलं. मग ही माझी अक्का, हिने त्या डॉक्टरला हरवलं. सहा पानं लिहिली होती, सहा!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अक्का, आज काढ बरं तो आकडा."

मी म्हटलं, "कशाला रे?"

"काढ ना व."

मी मनातल्या मनात भागाकार केला. बासष्ट भागिले तेच दोन पूर्णांक एकोणनव्वद. एकवीसच्या जरा वर. तक्त्यावर त्याला उत्तम म्हणतात. मी आकडा सांगितला. येशा हसायला लागला, त्या नळ्यांसकट हसला, नर्स धावत आली इतका. "काका, ऐकलं का? आता पास झालो मी!" म्हाताराही हसला. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"अक्का, सांग ना त्यास्ले," येशा म्हणाला. "तू डाक्टरले काय काय सांगेल व्हतं ते बठ्ठं सांग. पहिलेपासून."

मी सांगायला लागले. हा भागाकार हाड ओळखत नाही, मांस ओळखत नाही, त्याला फक्त किलो कळतात. मांस चरबीपेक्षा जड. अशा माणसाची कंबर मोजावी, चिमटा लावून कातडी मोजावी. बैलाचं ते वाक्य आलं तेव्हा म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली. येशाने डोळे मिटले होते आणि त्याचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. त्याला ते सगळं पाठ होतं. इतक्या वर्षांत किती जणांना सांगितलं असेल त्याने! नर्सही हातातलं काम थांबवून ऐकत होती. मी पट्ट्यापर्यंत आले. दंड जाड असला आणि पट्टा लहान पडला तर रक्तदाब उगाच जास्त दिसतो, असं म्हणाले. म्हातारा म्हणाला, "वा! आणि मग?"

येशाने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, पुढचं ऐकायला.

"मग काही नाही," मी म्हटलं. "त्यांनी सही केली."